दोन राज्यांच्या शिवेवर : वडीलधाऱ्यांसाठी सेवा शोधताना

आमच्या पांढुर्णा-सौंसर भागातील एखाद्या गावी दिवाळीच्या सुमारास जावे, तर दोन गोष्टी चटकन डोळ्यांत भरतात. संत्र्यांच्या बागांशेजारी पेट्यांची आणि ट्रकांची लगबग चाललेली असते, आणि घरांच्या ओसरीवर मात्र बहुधा म्हातारी माणसेच बसलेली असतात. कर्ती पिढी कोणी नागपूरला, कोणी पुण्याला, कोणी इंदूर-भोपाळला. ती सणावाराला येते, आईवडिलांसाठी औषधांची पिशवी आणि एखादा नवा मोबाईल ठेवून परत जाते. मोबाईल ओसरीपर्यंत येऊन पोहोचला, हे खरे. त्याच्याकडून व्हावयाची बरीचशी कामे मात्र अजून दाराबाहेरच उभी आहेत.

वृद्धांसाठी शासनाने काही केलेच नाही, असे म्हणण्याची आपल्याकडे एक रीत पडून गेली आहे. वस्तुत: निवृत्तिवेतनापासून रुग्णालयातील उपचारांपर्यंत आणि कायद्याच्या संरक्षणापासून फोनवरच्या सल्ल्यापर्यंत पुष्कळ सोयी आज उपलब्ध आहेत. अडचण निराळीच आहे. या सोयींची माहिती आता कचेरीच्या फलकावर क्वचितच लागते. ती इंटरनेटवर असते. तेथे ती शोधावी लागते, आणि शोधण्यासाठी सोयीचे नेमके नाव ठाऊक असावे लागते. ज्यांची मातृभाषा मराठी, राज्यभाषा हिंदी आणि अर्जाची भाषा पुष्कळदा इंग्रजी, अशा आपल्यासारख्या कुटुंबांचे घोडे या नावापाशीच अडते.

मागच्या एका हंगामातील गोष्ट सांगतो. आमच्या परिचयाचे एक बागाईतदार, वय चौऱ्याहत्तर, अंगणात पाय घसरून पडले आणि खुब्याचे हाड मोडले. नागपूरला शस्त्रक्रिया झाली. पैशांची निकड इतकी, की मुलाने मृगाचा बहार झाडावर असतानाच व्यापाऱ्याला ठरवून दिला. अर्थात् अडलेल्याला मिळतो त्या भावाने. पुढे बोलता बोलता त्याने मोबाईलवर जपून ठेवलेला एक मजकूर आम्हांला दाखविला. "सर, सरकारी इलाजाचं मी पाहेलच होतं. पन हे त लिवलंच हाय का महाराष्ट्राचं राशनकार्ड पायजे. मंग आपलं कसं जमन?" मजकूर खरा होता, मराठीही चांगली होती. परंतु ती योजना होती महाराष्ट्राची, महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची. सत्तरी ओलांडलेल्या माणसासाठी केंद्र सरकारची जी योजना आहे, तिचे नावही त्या घरात कोणी ऐकले नव्हते. प्रश्न मराठीत विचारला होता. उत्तर शेजारच्या राज्याने दिले.

मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि आपण छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्यप्रदेशात राहिलो. सोयरिकींनी, बाजारहाटाने आणि दवाखान्यांनी ती शीव कधी फारशी मानली नाही. आजही आपला रोगी नागपूरला जातो आणि आपली लेक वरुड, काटोल, सावनेरला दिलेली असते. शासनाच्या योजना मात्र शिवेपाशी थबकतात. इंटरनेटवर मराठीतून विचारणा केली, की जे हाती येते ते बहुतेक सारे महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी असते. पंच्याहत्तरीपुढील ज्येष्ठांना एस. टी.चा मोफत प्रवास ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला, तो महाराष्ट्रातला. पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना साहित्यासाठी तीन हजार रुपये देणारी २०२४ ची मुख्यमंत्री वयोश्री योजना, तीही तिकडचीच. व्याही सांगतात, "आमच्या म्हातारीचे निराधारचे पैसे सुरू झाले", आणि आपली म्हातारी आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन "निराधारचा फारम" मागते. तेथील कारकून खांदे उडवितो, कारण त्या नावाची योजना त्याच्या राज्यात नाहीच. आपल्याकडे तिला म्हणतात ‘वृद्धावस्था पेन्शन’, आणि संगणकावर ती ‘सामाजिक सुरक्षा पेन्शन’ या मथळ्याखाली असते.

आम्ही भाषेचे विद्यार्थी, म्हणून आम्हांला या शब्दांच्या घोळात अधिक रस वाटत असेल. पण आमच्या मते अर्धे काम येथेच आहे. घरातला शब्द एक, कचेरीतला दुसरा. महाराष्ट्रात ‘ज्येष्ठ नागरिक’ म्हणतात, आपल्याकडे ‘वरिष्ठ नागरिक’. तिकडे उपविभागीय अधिकारी, इकडे ‘अनुविभागीय अधिकारी’, ज्यांना आपण सारे नुसते एसडीएम म्हणतो. आईवडिलांना सांभाळण्याविषयीच्या २००७ च्या कायद्याच्या मराठी नावात ‘चरितार्थ’ हा सुंदर शब्द आहे, हिंदी नावात ‘भरण-पोषण’. मध्यप्रदेशात बसून ‘चरितार्थ’ शोधणाऱ्याला आपल्या तहसिलीतील काहीही सापडणार नाही. म्हणून आमचे पहिले सांगणे इतकेच, की शोध हिंदीत करावा आणि पुढे ‘मध्यप्रदेश’ हा शब्द अवश्य जोडावा. बडोद्याच्या वाचकांनी गुजराती आणि हैदराबादच्या वाचकांनी तेलुगू जाणणाऱ्या शेजाऱ्याची मदत घ्यावी. घोळ सगळीकडे एकाच जातीचा आहे.

आमच्या भागापुरती आणखी एक गुंतागुंत आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर तालुका त्यात आला. त्याचा आनंद सर्वांनाच झाला. पण वडीलधाऱ्यांच्या आधारपत्रावर पत्ता जुन्या जिल्ह्याचा, जुन्या माहितीत कचेऱ्या छिंदवाड्याच्या, आणि एखाद्या यादीत पांढुर्णा हे नाव अजून तालुका म्हणूनच. जिल्हा निवडावयाचा रकाना आला आणि आपले नाव दिसले नाही, तर माघारी न फिरता छिंदवाडा उघडून पाहावे.

आता त्या आरोग्याच्या योजनेकडे वळतो, कारण सर्वांत मोठा खर्च तेथेच होतो. ‘आयुष्मान भारत’ ही योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. गरीब कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार तीत विनामूल्य मिळतात. ही योजना केवळ गरिबांची, अशी समजूत त्यामुळे घट्ट झाली आणि ती त्या काळापुरती बरोबरही होती. परंतु २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक व्यक्तीला, उत्पन्न न पाहता, ही सोय खुली झाली आहे. त्या कार्डाचे नाव ‘आयुष्मान वय वंदना’. दहा एकर संत्र्याची बाग असलेला म्हाताराही त्यात बसतो आणि त्याचा सालदारही. वयाचा पुरावा म्हणून आधारपत्र पुरते. जुना आजार असला तरी चालतो आणि पहिल्या दिवसापासून चालतो. ज्या कुटुंबाला हे संरक्षण आधीच आहे, त्यातील सत्तरीपुढच्या माणसाला स्वत:साठी निराळे पाच लाखांचे संरक्षण मिळते. केंद्र सरकारच्या किंवा माजी सैनिकांच्या आरोग्ययोजनेत असलेल्यांना मात्र दोहोंपैकी एक निवडावी लागते.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की हे कार्ड राज्याच्या शिवेवर थांबत नाही. योजनेशी जोडलेले रुग्णालय देशात कोठेही असो, तेथे ते चालते. तेव्हा नागपूरचे रुग्णालय निवडताना योजनेच्या यादीत राज्य ‘महाराष्ट्र’ आणि जिल्हा ‘नागपूर’ असे घालून, हव्या त्या आजाराचा विभाग तेथे जोडलेला आहे किंवा नाही, ते आधी पाहून घ्यावे. एकाच रुग्णालयाच्या भिंतीवर महाराष्ट्राच्या योजनेचा आणि आयुष्मानचा असे दोन्ही फलक शेजारी शेजारी असू शकतात. आपण विचारावयाचे ते आयुष्मानविषयी. तेथे ‘आयुष्मान मित्र’ नावाचा कर्मचारी असतो, त्याला रोगी दाखल होण्यापूर्वीच कार्ड दाखवावे. १४५५५ या क्रमांकावरही चौकशी करता येते. एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. ही सोय दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. रोजच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचे पैसे तीतून मिळत नाहीत.

कार्ड काढणे अवघड नाही; अवघड असतो तो ओटीपी. येथे प्रत्येक घरात तोच प्रसंग घडतो. आधारपत्र काढले तेव्हा म्हाताऱ्यांजवळ मोबाईल नव्हता, म्हणून मुलाचा क्रमांक दिला. मुलाने तो पुढे बदलला, किंवा मुलगा पुण्याला आणि आकडे येतात त्याच्या मोबाईलवर, तेही तो कारखान्याच्या पाळीत असताना. बोटांचे ठसे द्यावेत, तर आयुष्यभर फावडे-विळा धरलेल्या बोटांवर रेघा उरलेल्या नसतात. यावर उपाय आहेत. चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय आता पुष्कळ कामांत झाली आहे. आधारशी चालू क्रमांक जोडून घेणे हा तर सर्वांत पहिला उपाय. तो आजारपण येण्याआधी करावयाचा. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी आधारचा कर्मचारी शुल्क घेऊन घरीही येतो. याविषयीची चौकशी १९४७ या क्रमांकावर होते आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. देशाच्या स्वातंत्र्याचे साल, म्हणून म्हाताऱ्यांना हा क्रमांक पाठ करून घ्यावा लागत नाही.

मध्यप्रदेशात आधारच्या जोडीला ‘समग्र’ हा आणखी एक क्रमांक लागतो. कुटुंबाचा आठ अंकी, व्यक्तीचा नऊ अंकी. पेन्शनचा अर्ज ग्रामपंचायतीत वा नगरपालिकेत करताना तो विचारला जातोच. आधारमधील नाव आणि समग्रमधील नाव जुळत नसेल, तर पुढचे सारे अडते. आपल्याकडे हे फार घडते. मराठी घरातील ‘विठोबा’ हिंदी कारकुनाच्या हाताखाली ‘बिठोबा’ होतो, ‘ळ’ असलेली आडनावे तर बिचारी रोज निराळी होतात. त्यामुळे दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. दारिद्र्यरेषेखालील साठीपुढच्या व्यक्तीला केंद्राकडून जे वृद्धत्वाचे निवृत्तिवेतन मिळते, त्यात केंद्राचा वाटा ऐंशी वर्षांच्या आत महिना २०० रुपये आणि पुढे ५०० रुपये आहे. राज्य त्यात आपली भर घालते. रक्कम अल्प आहे हे सांगण्यास आम्हांला संकोच वाटत नाही. पण म्हातारीच्या हाती स्वत:चे म्हणून जे चार पैसे असतात, त्यांचे मोल घरातील इतरांनी ठरवू नये.

नोकरीतून निवृत्त झालेल्यांची अडचण नोव्हेंबरात येते. आपण जिवंत आहोत, याचा दाखला त्यांना द्यावा लागतो. शिक्षक असोत वा बोरगावच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले कामगार असोत, पूर्वी सर्वांना खेटे घालावे लागत. नोव्हेंबर २०१४ पासून हा दाखला ‘जीवन प्रमाण’ या नावाने संगणकावरून देता येतो, आणि २०२१ पासून मोबाईलपुढे चेहरा धरूनही. ऐंशी वर्षांवरील निवृत्तांसाठी ही मुदत १ ऑक्टोबरपासूनच खुली होते. हे ज्यांना जमत नाही, त्यांच्या घरी पोस्टमन थोडे शुल्क घेऊन येतो आणि ओसरीवर बसूनच काम उरकून जातो. बँकेचेही तसेच. सत्तरीपुढील आणि अपंग खातेदारांना घरपोच सेवा द्यावी, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना केली आहे. मागणाऱ्याला ती मिळते. न मागणाऱ्याला बँक आपण होऊन सांगत नाही.

येथवर जे लिहिले ते म्हाताऱ्यांविषयी. त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांविषयी कोणी लिहीत नाही. सुनेने, पत्नीने, अविवाहित राहिलेल्या एखाद्या लेकीने हे करावयाचेच, असे आपण गृहीत धरतो; तिला काही हवे असेल हे कोणाच्या मनातही येत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरी सासऱ्यांना भ्रम होऊ लागला. ते रात्री उठून बागेला पाणी द्यावयास निघत, जेवण झाले असताही उपाशी ठेवल्याची तक्रार शेजाऱ्यांकडे करीत. गावाने निदान केले : म्हातारचळ. साठी बुद्धी नाठी, ही म्हणही कोणीतरी ऐकविलीच. सून तीन वर्षे ‘मामाजी, मामाजी’ करीत मागे धावली आणि वर बोलणीही खात राहिली. हा एक आजार आहे, त्याला इंग्रजीत डिमेन्शिया आणि हिंदीत मनोभ्रंश म्हणतात, आपल्या देशात त्यासाठी १९९२ पासून काम करणारी ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसॉर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था आहे, यांतले तिला काही ठाऊक नव्हते. ‘म्हातारचळ’ हा शब्द मोबाईलवर घातला, तर औषधपाण्याचा पत्ता लागेल असे नाही. विनोद मात्र हमखास हाती येतील. ‘डिमेन्शिया’ हा शब्द घातला, की निराळेच दार उघडते. स्वत: आईची शुश्रूषा केलेल्या स्वप्ना किशोर यांचे ‘डिमेन्शिया केअर नोट्स’ हे माहितीस्थळ हिंदीतही आहे, रोग्याशी कसे बोलावे, रात्री तो घराबाहेर जाऊ नये म्हणून काय करावे, हे तेथे आपल्या घरांना समजेल अशा भाषेत आहे. त्या सुनेला आमच्या पत्नीने ते वाचून दाखविले. ती एवढेच म्हणाली, "म्हंजे मामाजी मुद्दाम नाही करत." हा एक शब्द तीन वर्षांपूर्वी कळता, तर त्या घरातील कितीतरी कटुता टळली असती, असे आम्हांला राहून राहून वाटते.

शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीचे स्वत:चे मन खचते, झोप जाते, रडू येते. तिने १४४१६ हा क्रमांक लावावा. ‘टेलिमानस’ नावाची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते, आणि अनेक भारतीय भाषांत बोलण्याची तीत सोय आहे. फोन केला म्हणून कोणी वेडा ठरत नाही. रोग्याला वारंवार दवाखान्यात नेणे शक्य नसेल, तर ‘ई-संजीवनी’ या शासकीय सेवेवरून डॉक्टरांशी मोबाईलवर समोरासमोर बोलता येते. गावच्या आरोग्यकेंद्रात बसूनही ही गाठ घालून देतात. नागपूरच्या एम्ससारख्या मोठ्या रुग्णालयाची तारीख घरबसल्या घेता येते, म्हणजे पहाटेच्या गाडीने जाऊन रांगेत उभे राहण्याचा त्रास वाचतो. आणि ज्या रोग्याचा आजार आता बरा होणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे, त्याच्यासाठीही वैद्यक काही करू शकते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. वेदना कमी करणाऱ्या त्या शुश्रूषेचे नाव ‘पॅलिएटिव्ह केअर’. हिंदीत ‘प्रशामक’ किंवा ‘उपशामक देखभाल’. "घरी घेऊन जा" असे ऐकून परतलेल्या कुटुंबांनी हा शब्द जिल्हा रुग्णालयात उच्चारावा. नागपुरात कर्करोगाच्या रोग्यांसाठी ‘स्नेहांचल’सारखे शुश्रूषागृहही आहे.

आता एक नाजूक विषय. आमच्याकडे बाग मुलांच्या नावे करून देण्याची घाई फार. वाटणीपत्र वा बक्षीसपत्र होते, आणि वर्षा-दोन वर्षांत म्हातारा-म्हातारीचे ताट एका घरून दुसऱ्या घरी फिरू लागते. २००७ च्या ज्या कायद्याचा वर उल्लेख केला, त्यानुसार साठी पूर्ण झालेल्या आणि स्वत:चा निर्वाह करू न शकणाऱ्या व्यक्तीला अनुविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो. मूळ कायद्यात महिना १०,००० रुपयांपर्यंतची मर्यादा आहे आणि अर्ज साधारणपणे नव्वद दिवसांत निकालात काढावयाचा आहे. त्याच कायद्याचे तेविसावे कलम सांगते, की सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेऊन सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरविता येते. म्हणून बक्षीसपत्र करताना ही अट कागदावर स्पष्ट लिहून घ्यावी. मुलांवरचा अविश्वास म्हणून याकडे पाहू नये. सोयरिकीत देण्याघेण्याची यादी लिहितोच ना आपण?

अर्ज करण्याइतके टोक गाठण्यापूर्वी १४५६७ हा क्रमांक आहे. ‘एल्डरलाइन’ नावाची ही वृद्धांसाठीची राष्ट्रीय सेवा १ ऑक्टोबर २०२१ पासून देशभर सुरू आहे. सकाळी आठ ते रात्री आठ, आठवड्याचे सातही दिवस, विनामूल्य. माहिती विचारा, कायद्याचा सल्ला विचारा, वा घरी छळ होत असेल तर मदत मागा. पुण्याच्या मुलाने सौंसरच्या आईसाठी फोन केला, तर आई मध्यप्रदेशात राहते हे पहिल्याच वाक्यात सांगावे. राज्यातील कोणत्याही कचेरीत काम अडले, तर मुख्यमंत्री हेल्पलाइनचा १८१ हा क्रमांक आहेच, आणि तेथे तक्रारीचा नोंदणी क्रमांक मिळतो तो लिहून ठेवावा. सेवा मुदतीत देण्याची हमी देणारा कायदा देशात सर्वांत आधी आपल्या मध्यप्रदेशाने २०१० मध्ये केला. तहसिलीतील लोकसेवा केंद्रे त्यातूनच आली. आपल्या राज्याचे हे एक चांगले काम आहे, आणि शिवेपलीकडच्या व्याह्यांना ते सांगावयास हरकत नाही.

इंटरनेटवरील माहितीचा एक दोष जाणून असावे. ती शिळी होते, पण शिळी दिसत नाही. रेल्वेत ज्येष्ठ पुरुषांना ४० टक्के आणि स्त्रियांना ५० टक्के सवलत, असा मजकूर आजही सापडतो. ती सवलत मार्च २०२० मध्ये थांबविण्यात आली. त्यावर विश्वासून आमच्या एका स्नेह्यांनी तिकीटखिडकीवर बराच वाद घातला होता. मजकुराखालची तारीख पाहावी, आणि पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ आहे का, ते पाहावे. तसे असेल तर ते शासनाचे.

दुसरा दोष याहून भयंकर आहे. रुग्णालयाचा किंवा बँकेचा क्रमांक शोधला, की कधी कधी भामट्याचाच क्रमांक वर येतो. ते गोड बोलतात, एखादे ॲप मोबाईलवर घ्यावयास लावतात आणि पडदा त्यांना दिसू लागतो. पेन्शन बंद होईल, तुम्हांला ‘डिजिटल अटक’ झाली आहे, अशा धमक्याही देतात. अशी कोणतीही अटक कायद्यात नाही. बँकेचा क्रमांक पासबुकावरून घ्यावा, ओटीपी फोनवरून कोणालाही सांगू नये, आणि पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न करता १९३० लावावा. पैसे पुढे सरकण्यापूर्वी अडविता येण्याचा संभव पहिल्या काही तासांतच असतो. लाजेपायी मुलांपासून ही गोष्ट लपविणारे वृद्ध आम्ही पाहिले आहेत. त्यांना रागावू नये. रागाच्या भीतीनेच ते गप्प राहतात.

आम्ही सरकारी शाळेत प्रधानपाठक आहोत. आमच्या नववी-दहावीच्या मुलांना हिंदी वाचता येते, घरी मराठी बोलता येते आणि मोबाईल हाताळण्यात ती आमचीही गुरू आहेत. तेव्हा त्यांना आम्ही एक काम दिले. प्रत्येकाने आजी-आजोबांसाठी एक वही करावयाची. पहिल्या पानावर आधार व समग्र यांतील नावे जशीच्या तशी, दुसऱ्यावर चालू असलेली औषधे, तिसऱ्यावर वर दिलेले क्रमांक मोठ्या अक्षरांत. बँकेचे गुप्त आकडे वहीत लिहावयाचे नाहीत, ही सक्त ताकीद. एका मुलीने आपल्या आजीला विचारून चौथे पान आपल्याच मनाने जोडले : आजी ज्याला जे म्हणते तो शब्द, आणि समोर कचेरीतला शब्द. ‘निराधारचे पैसे’ - वृद्धावस्था पेन्शन. ‘जिता हाय ते कागद’ - जीवन प्रमाण. ‘मोठ्या साहेबाची कोर्ट’ - भरण-पोषण अधिकरण. आता वर्गातील सगळ्याच वह्यांत ते पान आले आहे, आणि दर शनिवारी त्यात एखाद-दुसरा नवा शब्द पडतो. मागच्या शनिवारी एका मुलाने ‘कानातली मशीन’ लिहून आणली आणि समोरची जागा कोरी ठेवली. त्याला आम्ही सांगितले, की श्रवणयंत्र, काठी, कवळी, चाकाची खुर्ची असे साहित्य २०१७ पासून ‘राष्ट्रीय वयोश्री योजने’त गरजू वृद्धांना शिबिरांतून विनामूल्य देतात. ही योजना केंद्राची, महाराष्ट्राची ती नव्हे. नावे सारखी आहेत, म्हणून ‘राष्ट्रीय’ या शब्दाखाली त्याने लाल शाईने रेघ ओढून घेतली आणि आजोबांच्या उत्पन्नाचा दाखला कोठे मिळतो, ते विचारीत तो उभा राहिला.